लेफ्टनंट हेन्री फ्लिपर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा फ्लिपर कोण?

हेन्री ऑसियन फ्लिपर. जन्म २१ मार्च १८५६, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या थॉमसव्हिलचा. मृत्यू १९४०, अटलांटा. जन्माने गुलाम. वेस्ट पॉइंट या अमेरिकेच्या लष्करी अकादमीतून १८७७ साली उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेला पहिला कृष्णवर्णीय. त्यानंतर पाचच वर्षांनी सैन्यातून बडतर्फ.

त्याचं नाव कानावर आलंच तर एकतर 'पहिला' म्हणून येतं, नाहीतर 'अन्याय झालेला' म्हणून. दोन्ही खरं आहे. पण या दोन्हींच्या मधे एक खोटा चेक आहे आणि त्याचा विषय निघाला की त्याचे चाहते घाईघाईने पुढे सरकतात. आपण तिथे जरा थांबू.

आईवडील गुलाम होते, तर घर एकत्र कसं राहिलं?

राहणार नव्हतंच. वडील फेस्टस जोडे शिवायचे, घोडागाड्यांच्या गाद्या-झालरींचं काम करायचे. त्यांचा मालक इफ्रेम पाँडर हा गुलामांचा व्यापारी. आई इझाबेला मात्र एका पाद्र्याच्या मालकीची, आणि मूल कायद्याने आईच्या मालकाचं. पाँडरने बिऱ्हाड अटलांटाला हलवायचं ठरवलं तेव्हा नवरा एकीकडे, बायको-मुलगा दुसरीकडे अशी वेळ आली.

पाँडरचे बरेचसे गुलाम कारागीर होते. बाहेरची कामं घ्यायची, ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, वर उरेल ते स्वतःचं, अशी तिथली रीत. त्यामुळे फेस्टसच्या गाठीला चार पैसे होते. ते त्याने पाँडरला दिले, पाँडरने त्यातून इझाबेला आणि लहानग्या हेन्रीला विकत घेतलं, आणि रक्कम पुढे सवडीने फेडायची बोली झाली. म्हणजे गुलामाने मालकाला उसने पैसे दिले, ते कशासाठी, तर मालकाने त्याचीच बायको आणि त्याचंच पोर विकत घ्यावं म्हणून. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा व्यवहार उलटसुलट लिहिला गेलाय की काय असं वाटून परत वाचलं होतं.

शिकला कुठे?

पहिली अक्षरं रात्री, सुतारकामाच्या शेडमध्ये, लिहिता-वाचता येणाऱ्या दुसऱ्या एका गुलामाकडून. तेव्हा हेन्री आठ वर्षांचा होता. १८६४मध्ये, यादवी युद्धात, उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या फौजा अटलांटावर चालून आल्या तेव्हा सगळ्यांना जॉर्जियातल्याच मेकनला हलवण्यात आलं. युद्ध संपल्यावर कुटुंब परत अटलांटात आलं, तेही स्वतंत्र माणसं म्हणून. मग मिशनऱ्यांच्या शाळा, आणि १८६९पासून अटलांटा युनिव्हर्सिटी. पाच भावांत हा थोरला. जोसेफ नावाचा धाकटा भाऊ पुढे बिशप झाला. तो शेवटी पुन्हा येईल.

वेस्ट पॉइंटला प्रवेश कसा मिळाला?

तिथे अर्ज करून भागत नाही, काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, सदस्याने नाव सुचवावं लागतं. युद्धानंतरच्या त्या थोड्या वर्षांत दक्षिणेतून रिपब्लिकन, म्हणजे लिंकनच्या पक्षाचे, उमेदवार निवडून येत होते. जेम्स फ्रीमन हे जॉर्जियाचे त्यातलेच एक प्रतिनिधी. फ्लिपरने त्यांना पत्र लिहिलं, त्यांनी नाव दिलं, आणि १८७३ साली तो परीक्षा पास होऊन आत गेला. ती जागा सोडून दे, ५००० डॉलर देतो, अशी ऑफरही त्याला आली होती असं त्याने लिहून ठेवलंय. आपल्या मुलाची वर्णी लावू पाहणारा कुणी धनिक होता. फ्लिपर बधला नाही.

जाता जाता: महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' याच १८७३ सालची, आणि ती अर्पण केलेली आहे गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात ती अर्पणपत्रिका छापली जात होती त्याच वर्षी अटलांटाचा एक माजी गुलाम वेस्ट पॉइंटच्या फाटकातून आत जात होता. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही. वर्ष तेवढं एक.

तिथे त्याला मारहाण झाली का?

नाही. त्याच्या वाट्याला वेगळीच गोष्ट आली, आणि तिला मराठीत नेमका शब्द आहे: वाळीत टाकणं. कवायतीला, वर्गात, जेवणाच्या टेबलावर शेजारी माणसं असायची, पण कामापलीकडे कुणी अवाक्षर बोलत नसे. चार वर्षं. एकेकटे भेटले तर काही कॅडेट नीट बोलायचे, चारचौघांत तेच नजर फिरवायचे. फ्लिपरला जास्त लागलं ते हे दुसरं. शिक्षकांबद्दल मात्र तो तक्रार करत नाही. बहुतेकांनी न्यायाने गुण दिले असं सांगतो.

त्याच्या आधी १८७०मध्ये दक्षिण कॅरोलायनाचा जेम्स वेब्स्टर स्मिथ आला होता. तो अकादमीतला पहिला कृष्णवर्णीय कॅडेट, आणि काही काळ फ्लिपरचा खोलीतला सोबती. स्मिथ ऐकून घेणारा नव्हता. शिवीला शिवी, धक्क्याला धक्का. त्यावरून चौकशा आणि शिक्षा मागे लागल्या. १८७४मध्ये एका विषयात नापास ठरवून त्याला घालवलं. दोन वर्षांनी तो क्षयाने गेला. फ्लिपरने हे डोळ्यांनी पाहिलं आणि उलटा रस्ता धरला: तोंड बंद, पुस्तक उघडं.

जून १८७७मध्ये ७६ जणांच्या तुकडीत ५०वा येऊन तो उत्तीर्ण झाला. पदवी घ्यायला उभा राहिला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने या चार वर्षांवर पुस्तक छापलं. त्या पुस्तकाचे पैसे येतील ही आशा पुढे त्याला बरीच महागात पडली.

म्हणजे तो अमेरिकी सैन्यातला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी?

असं सरसकट लिहिलेलं दिसतं, पण ते चूक. यादवी युद्धात स्वयंसेवक पलटणींमध्ये कृष्णवर्णीय अधिकारी होते. मार्टिन डिलेनी तर मेजर होता. फ्लिपर पहिला ठरतो तो अकादमीतून पास होऊन कायम सैन्यात आलेला म्हणून.

त्याला कुठे नेमलं?

दहाव्या घोडदळात. १८६६च्या कायद्याने कृष्णवर्णीय शिपायांच्या वेगळ्या पलटणी उभ्या राहिल्या, त्यातली ही एक. यांनाच पुढे 'बफेलो सोल्जर्स' म्हणू लागले. साध्या शिपायाला महिना १३ डॉलर. शिपाई सगळे कृष्णवर्णीय, अधिकारी सगळे गोरे. आणि आता त्यात हा एक.

१८७८च्या सुरुवातीला तो फोर्ट सिलला रुजू झाला. हा भाग आज ओक्लाहोमा राज्यात येतो. तिथला कॅप्टन निकोलस नोलन आयरिश होता. त्याने फ्लिपरला घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली आणि त्यावरून लोकांची बोलणीही खाल्ली. नोलनच्या मेव्हणीबरोबर फ्लिपर घोड्यावर रपेट करायला जायचा. दोघांची पुढे पत्रापत्रीही होती. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये यावर काय चर्चा होत असेल ते सांगायला नको.

'फ्लिपर्स डिच' ही काय भानगड आहे?

चर आहे, पाणी काढून देणारा. फोर्ट सिलच्या आसपास डबकी साचायची आणि छावणीत हिवतापाने माणसं पटापट आजारी पडायची. आधी एका इंजिनिअरने चर काढला होता, पण उतार चुकला, पाणी जागचं हललं नाही. मग काम फ्लिपरकडे आलं. वेस्ट पॉइंट त्या काळी इंजिनिअरिंगची नामांकित शाळा होती. त्याने जमीन मोजून, उतार बांधून पुन्हा चर खणवला. पाणी वाहून गेलं, डबकी सुकली. तो चर आजही आहे, आणि १९७७ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

मला विचाराल तर त्याच्या लष्करी नोकरीतलं सगळ्यात टिकाऊ काम हेच. लढायांपेक्षा जास्त जीव या चराने वाचवले असतील.

लढाईत होता का?

होता. १८८०मध्ये अपाची या मूळनिवासी जमातीचा पुढारी व्हिक्टोरियो याचा पाठलाग चालू असताना दहावं घोडदळ पश्चिम टेक्ससच्या वाळवंटात होतं. व्हिक्टोरियोच्या हालचालीची खबर पलटणीचा प्रमुख कर्नल ग्रिअर्सन याला पोचवायला फ्लिपरने २२ तासांत ९८ मैल घोडा मारला, आणि पोचल्यावर घोड्यावरून उतरता उतरता कोसळला. व्हिक्टोरियो त्याच ऑक्टोबरात सीमेपलीकडे मेक्सिकन फौजेच्या हातून मारला गेला.

इथे एक गोष्ट नजरेआड करू नये. कालपर्यंत गुलाम असलेली माणसं पगारी शिपाई होऊन दुसऱ्या एका जमातीला तिच्या मुलखातून हुसकावून लावत होती. फ्लिपरच्या लिखाणात याची बोच दिसत नाही. त्याला सैन्य प्रिय होतं आणि सैन्याचं काम ते त्याचं काम.

मुख्य प्रश्न : पैसे गेले कुठे?

१८८०च्या अखेरीस तो टेक्ससमधल्या फोर्ट डेव्हिसला आला. त्याच्याकडे कोठार आणि रसदखातं सोपवलं गेलं: धान्य, मांस, साखर, कॉफी विकायची, हिशेब ठेवायचा, जमा रक्कम सॅन अँटोनिओला पाठवायची. हिशेबाच्या बाबतीत हा गडी ढिला होता. शिपायांना, कपडे धुणाऱ्या बायकांना उधारी चालायची. स्वतःची उधारीही होती.

मार्च १८८१मध्ये कर्नल विल्यम शाफ्टर ठाण्याचा प्रमुख म्हणून आला. पुढे १८९८मध्ये क्युबात अमेरिकी फौजेचं नेतृत्व करणारा तोच हा शाफ्टर. त्याने कोठार लगेच दुसऱ्याकडे दिलं आणि रसदखातंही जाणार असल्याचं सांगितलं. त्यातच सॅन अँटोनिओचा मुख्य रसद अधिकारी बाहेरगावी जाणार म्हणून काही दिवस पैसे पाठवू नका असा निरोप आला. रोकड साठत गेली, आणि ती होती कुठे, तर फ्लिपरच्या राहत्या घरात एका ट्रंकेत. त्याच ट्रंकेत त्याच्याकडे काम करणारी ल्यूसी स्मिथ आपले कपडे ठेवायची. सरकारी तिजोरीची ही अवस्था.

जुलैमध्ये पैसे पाठवायचा हुकूम आला. मोजले तर तूट निघाली, हजार-दीड हजारांच्या वर. त्या क्षणी शाफ्टरकडे जाऊन 'साहेब, पैसे कमी भरताहेत' म्हणाला असता तर? अडचणीत आला असता, कदाचित पगारातून कापून घेतले असते. पण शाफ्टर आपल्यावर टपलाय ही त्याची खात्री होती. त्याने पैसे रवाना केल्याचं सांगितलं, आणि हिशेब जुळवायला १४४०.४३ डॉलरचा स्वतःच्या सहीचा चेक दाखवला. ज्या बँकेवर चेक काढला तिथे त्याचं खातंच नव्हतं. पुस्तकाच्या प्रकाशकाकडून पैसे येतील, मग भरून टाकू, हा त्याचा हिशेब. प्रकाशकाकडून पैसे काही आले नाहीत.

ऑगस्टमध्ये सॅन अँटोनिओहून विचारणा झाली: पैसे कुठे आहेत? त्याच सुमारास शाफ्टरला गावात एका दुकानासमोर फ्लिपरचा घोडा दिसला, खोगिराला पिशव्या लावलेल्या. मेक्सिकोची सरहद्द जवळ. शाफ्टरने झडती घ्यायला लावली. ल्यूसी स्मिथच्या अंगावर हजारो डॉलरचे सरकारी चेक सापडले. फ्लिपरला अटक झाली.

तूट कुणी भरली?

गावाने. फोर्ट डेव्हिसच्या दुकानदारांनी आणि ओळखीपाळखीच्यांनी काही दिवसांत वर्गणी काढून सगळी रक्कम भरून दिली. सरकारचा एक पैसाही बुडाला नाही. यात गोरे, मेक्सिकन सगळे होते. गावात त्याच्याबद्दल काय मत होतं ते यावरून कळावं.

तरीही त्याला शिपायांच्या कोठडीत टाकलं होतं, जेमतेम साडेसहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद. अधिकाऱ्याला अटक झाली की त्याच्याच घरात नजरकैदेत ठेवायचा प्रघात होता. वरून तार आल्यावर त्याला कोठडीतून काढलं.

खटल्यात काय झालं?

कोर्टमार्शल सप्टेंबर १८८१मध्ये सुरू झालं आणि डिसेंबरमध्ये संपलं. आरोप दोन. पहिला, ३७९१.७७ डॉलरची अफरातफर. घोडदळातल्या सेकंड लेफ्टनंटला वर्षाला १५०० डॉलर मिळत. म्हणजे अडीच वर्षांच्या पगाराएवढी ही रक्कम. दुसरा, अधिकाऱ्याला आणि सभ्य गृहस्थाला न शोभणारं वर्तन, म्हणजे ती खोटी विधानं आणि तो चेक. वकील परवडत नव्हता. कॅप्टन मेरिट बार्बर हा गोरा अधिकारी आपणहून त्याच्या बाजूने उभा राहिला आणि त्याने जीव तोडून बचाव केला.

निकाल: अफरातफरीतून निर्दोष. दुसऱ्या आरोपात दोषी. आणि मेख अशी की पहिल्या कलमात शिक्षा कमी-जास्त करता येत होती, दुसऱ्यात एकच शिक्षा होती: बडतर्फी.

म्हणून 'चोरीचा आळ घालून काढलं' हे वाक्य अर्धवट आहे. चोरी सिद्ध झाली नाही. खोटं बोलला हे त्याने स्वतःही नाकारलं नाही.

गोरा असता तर वाचला असता?

माझ्या मते, हो. आणि हे निव्वळ भावनेपोटी म्हणत नाही. सैन्याचा सर्वोच्च कायदा अधिकारी डेव्हिड स्वेम याने कागद तपासून शिक्षा सौम्य करावी अशी शिफारस केली होती. राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थरने ती मानली नाही. ३० जून १८८२ रोजी फ्लिपर सैन्याबाहेर झाला.

आता गंमत बघा. दोनच वर्षांनी, १८८४मध्ये, याच स्वेमवर पैशाच्या एका व्यवहारावरून कोर्टमार्शल झालं. तोही दोषी ठरला. शिक्षा? १२ वर्षं निलंबन, अर्ध्या पगारावर. बडतर्फी नाही.

उलट बाजूही सांगतो. फ्लिपरच्या मागून वेस्ट पॉइंटला गेलेला जॉन्सन व्हिटेकर १८८०मध्ये खोलीत बांधलेला, जखमी अवस्थेत सापडला, आणि त्यानेच हे नाटक केलं असं ठरवून त्याच्यावर खटला चालवला गेला. तो निकाल १८८३मध्ये रद्द केला याच आर्थरने. त्यामुळे आर्थरला खलनायक करून हे प्रकरण सुटत नाही.

फ्लिपरच्या मते हा शाफ्टर आणि आणखी दोन अधिकाऱ्यांनी रचलेला डाव होता. कट सिद्ध झालेला नाही. पण ज्याच्यावर डोळा आहे त्याच्याच घरातल्या ट्रंकेत सरकारी रोकड राहू द्यायची आणि महिनोन्‌महिने नीट तपासणी करायची नाही, याला नुसता निष्काळजीपणा म्हणायलाही जीभ अडखळते.

हुद्दा कोणता होता?

सेकंड लेफ्टनंट. बढती मिळालीच नाही.

बडतर्फीनंतर पोट कसं भरलं?

उत्तम भरलं, आणि हा भाग फार कुणाला माहीत नसतो. आधी एल पासोमध्ये लाँड्रीत काम, मग मेक्सिकोत सर्व्हे. १८८७मध्ये ॲरिझोनातल्या नोगालेसला स्वतःची इंजिनिअरिंग कचेरी. स्पॅनिश उत्तम यायचं. त्या टापूत स्पॅनिश आणि मेक्सिकन अमलातल्या जुन्या जमीन-सनदांचे दावे चालू होते, त्यातल्या कित्येक बनावट. आपल्याकडच्या इनामाच्या कागदांसारखीच तऱ्हा. नोगालेसच्या दाव्यात त्याने गावकऱ्यांच्या बाजूने काम केलं, आणि १८९३पासून १९०१पर्यंत तो अमेरिकेच्या न्याय खात्याचा विशेष एजंट होता. हिशेबात खोटेपणा केला म्हणून ज्याला सरकारने काढलं, त्यालाच सरकारने खोटे कागद ओळखायला ठेवलं.

पुढे मेक्सिकोत खाणकंपन्या, मेक्सिकन क्रांतीच्या काळात एल पासो, १९१९मध्ये सिनेटच्या समितीसाठी भाषांतर. समितीचे प्रमुख अल्बर्ट फॉल १९२१मध्ये गृह खात्याचे मंत्री झाले (अमेरिकेत या खात्याकडे सरकारी जमिनी असतात, पोलीस नव्हे) आणि फ्लिपरला सहायक म्हणून घेऊन गेले. हेच फॉल नंतर तेलाच्या लाचेपायी तुरुंगात गेले. फ्लिपरचा त्यात हात नव्हता. तोवर तो व्हेनेझुएलाला तेलकंपनीत गेला होता. १९२९च्या मंदीत शिल्लक बुडाली, आणि म्हातारपणी तो अटलांटाला बिशप भावाच्या घरी येऊन राहिला.

या सगळ्या वर्षांत एक गोष्ट चालूच होती: हुद्दा परत मिळावा म्हणून काँग्रेसकडे अर्ज. १८९८मध्ये स्पेनशी युद्ध पेटलं तेव्हा लढायला जायची तयारीही त्याने कळवली. विधेयकं मांडली गेली, समित्यांत अडकली, विझली. १९४०मध्ये तो गेला तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसायाच्या रकान्यात जोसेफने लिहिलं: निवृत्त सैन्याधिकारी. ना इंजिनिअर, ना सर्व्हेयर.

त्याच्यानंतर वेस्ट पॉइंटमधून पास झालेले कृष्णवर्णीय कोण?

१८८७मध्ये जॉन अलेक्झांडर, १८८९मध्ये चार्ल्स यंग. मग थेट १९३६, बेंजामिन डेव्हिस. डेव्हिसशीही चार वर्षं कुणी बोललं नाही. तोपर्यंत फ्लिपर ऐंशी वर्षांचा झाला होता.

शेवटी सरकारने चूक मानली का?

हप्त्याहप्त्याने. जॉर्जियातल्या एका शाळामास्तरांनी आणि फ्लिपरच्या नातलगांनी प्रकरण उकरून काढलं, आणि १९७६मध्ये लष्कराच्या नोंद-दुरुस्ती मंडळाने शिक्षा अवाजवी कठोर ठरवली. दोषी ठरवल्याचा निकाल पुसायचा अधिकार मंडळाला नव्हता. म्हणून बडतर्फीच्या जागी सन्मानाने सेवामुक्ती लिहिली गेली, तारीख तीच, ३० जून १८८२. १९७७मध्ये वेस्ट पॉइंटला त्याचा अर्धपुतळा बसला. तिथे त्याच्या नावाचा वार्षिक पुरस्कारही आहे, अडचणींत खंबीर राहिलेल्या कॅडेटसाठी.

मग १९ फेब्रुवारी १९९९ रोजी क्लिंटन यांनी राष्ट्राध्यक्षांची माफी दिली. मरणोत्तर दिलेली अशी अमेरिकेच्या इतिहासातली ही पहिली माफी. मात्र माफी म्हणजे निर्दोषत्व नव्हे. निकाल कागदावर आहे तिथेच आहे.

जाऊन बघायचं असेल तर?

फोर्ट डेव्हिस आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, पश्चिम टेक्ससमध्ये, मोठ्या शहरांपासून बरंच लांब, गाडी हवीच. फोर्ट सिल अजून चालू लष्करी ठाणं आहे, त्यामुळे चर बघायला आत जाण्यापूर्वी परवानगीची चौकशी करा. कबर मात्र अटलांटात शोधू नका. १९७८मध्ये त्याचे अवशेष तिथून काढून लष्करी इतमामात थॉमसव्हिलला नेले.